दोन लाखांचा आकडा : हैदराबाद मुक्तिसंग्रामविषयक लेखनातील सैन्यविचाराची समीक्षा

प्रास्ताविक

दरवर्षी १७ सप्टेंबर रोजी मराठवाड्यातील शाळा-महाविद्यालयांतून मुक्तिसंग्रामदिन साजरा होतो. या दिवशीच्या भाषणांत, स्मरणिकांतील लेखांत आणि स्पर्धा-परीक्षांच्या मार्गदर्शकांत एक आकडा हमखास येतो : निजामाजवळ दोन लाख रझाकार होते. त्यांच्या जोडीला बावीस ते चोवीस हजारांची संस्थानी फौज होती असेही सांगितले जाते. पुढच्याच वाक्यात भारतीय सैन्याने १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे संस्थानात प्रवेश केला व १७ सप्टेंबरच्या सायंकाळी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केला, असे विधान येते. ही दोन वाक्ये एकमेकांशेजारी ठेवली असता जो प्रश्न सहज उद्भवावयास हवा तो मात्र मराठी लेखनात क्वचितच उद्भवतो. सव्वादोन लाख सशस्त्र माणसे पाच दिवसांत नाहीशी कशी झाली?

या प्रश्नाची दोन उत्तरे रूढ आहेत. पहिले, रझाकार भ्याड होते. दुसरे, सरदार पटेलांचा निर्धार पोलादी होता. दुसऱ्या उत्तरात तथ्य आहे. परंतु निर्धार हे राजकीय निर्णयाचे स्पष्टीकरण झाले, रणांगणावरील निकालाचे नव्हे. पहिले उत्तर तर उत्तरच नव्हे. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, हैदराबादविषयक लेखनाने डोकी मोजली, परंतु ती डोकी सैनिकांची होती काय, त्यांचे शिक्षण किती झाले होते, त्यांना हुकूम कोण देत होते व ती कोठे उभी होती, याची विचारपूस केली नाही. ही उणीव केवळ युद्धशास्त्रीय नाही. तिचे नैतिक परिणामही आहेत व त्यांचा विचार लेखाच्या उत्तरार्धात येईल.

‘पोलीस कारवाई’ हा शब्द

या उणिवेचे एक मूळ नावातच आहे. सरकारी परिभाषेत ही मोहीम ‘पोलीस कारवाई’ म्हणून ओळखली गेली. सैन्याच्या दप्तरी तिचे नाव ‘ऑपरेशन पोलो’ असे होते. हैदराबादने २१ ऑगस्ट १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली होती. त्या पार्श्वभूमीवर हा प्रश्न देशांतर्गत आहे असे सांगणे दिल्लीस भागच होते. शब्दाची राजकीय गरज समजण्यासारखी आहे. परंतु पहिली चिलखती डिव्हिजन, तोफखाना आणि पुण्याहून उड्डाण करणारी टेम्पेस्ट विमाने ज्या कारवाईत उतरली तिला पोलिसी म्हटल्यानंतर तिचा अभ्यास लष्करी दृष्टीने करण्याचे प्रयोजनच उरले नाही. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने एस. एन. प्रसाद यांचा या मोहिमेवरील ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध केला, म्हणजे साधनांचा अगदीच दुष्काळ होता असे नाही. तथापि त्या ग्रंथाची मराठी लेखनाने घ्यावी तेवढी दखल घेतलेली दिसत नाही.

हिंगोलीची छावणी

संस्थानाच्या सैन्यबळाचा विचार १९४७ पासून सुरू करता येत नाही. त्यासाठी हिंगोलीच्या जुन्या छावणीपर्यंत मागे जावे लागते. एकोणिसाव्या शतकात ‘हैदराबाद कंटिंजंट’ या कवायती फौजेची जी ठाणी होती त्यांत बोलारम, एलिचपूर, औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद यांच्याबरोबर हिंगोलीही होते. या फौजेचा खर्च निजामाकडून घेतला जाई. तिचे अधिकारी मात्र इंग्रज होते आणि हुकूमही इंग्रजांचा चाले. खर्चाची थकबाकी वाढल्यावर १८५३ च्या तहाने वऱ्हाड त्यापोटी इंग्रजांच्या ताब्यात गेला. या पलटणी १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या हाताखाली झांशीच्या मोहिमेत लढल्या. पुढे १९०३ मध्ये कंटिंजंट विसर्जित होऊन तिच्या पलटणी हिंदी सैन्यात विलीन झाल्या. १९२२ मध्ये त्यांची एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट बनली आणि १९४५ मध्ये तिचेच नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले. म्हणजे हिंगोलीच्या माळावर ज्या फौजेने कवायत केली तिचा वारसा स्वतंत्र भारताच्या सैन्याकडे आला. ज्याने तिचा खर्च सोसला त्याच्याकडे तो राहिला नाही.

ही बाब केवळ योगायोगाची मौज म्हणून नोंदविलेली नाही. जे राज्य शंभर वर्षे आपल्या रक्षणासाठी दुसऱ्याच्या हुकमतीतील फौजेचा खर्च सोसते, त्याच्या स्वतःच्या फौजेत शिपाई असतात, परंतु सेनानी घडत नाहीत. निजामाच्या संस्थानी तुकड्या युद्धात गेल्याच नाहीत असे नव्हे. पहिल्या महायुद्धात हैदराबाद लान्सर्स इजिप्त व पॅलेस्टाइनच्या आघाडीवर होते. दुसऱ्या महायुद्धात पहिली हैदराबाद इन्फन्ट्री मलायातील कोटा भारू विमानतळाच्या रक्षणास होती आणि डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौज उतरताच तेथे ती विस्कळीत झाली. प्रत्येक वेळी योजना, रसद, दारूगोळा व वरची हुकमत ब्रिटिशांची होती. ते सारे १९४७ च्या ऑगस्टमध्ये एकाएकी थांबले. चोवीस हजारांपैकी पूर्ण शिक्षित व सुसज्ज अशी माणसे सहा हजारांच्या आसपासच होती असा जो अंदाज दिला जातो, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर लागतो. कागदावर तीन चिलखती रेजिमेंट्स, एक घोडदळ, अकरा पायदळ पलटणी असा पसारा होता. त्यात सर्फ-ए-खास, पायगा, अरब व निर्वासितांची अशा अनियमित तुकड्यांची भर होती. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक १९४८ मध्ये कराचीहून विमानाने चोरटी शस्त्रे आणीत होता. शस्त्रे अशी आणता येतात. ती हाताळणारी पलटण विमानातून उतरत नाही.

रझाकार : संख्या आणि शिक्षण

आता मूळ आकड्याकडे यावे. रझाकारांची संख्या दोन लाख धरली तरी त्यांपैकी चौथा हिस्साच आधुनिक बंदुकांनी सज्ज होता. उरलेल्यांजवळ ठासणीच्या बंदुका, तलवारी व भाले होते. संस्थानातील खेड्यांची संख्या वीस हजारांहून अधिक होती. दोन लाखांस या संख्येने भागले असता दर खेड्यामागे दहा माणसेही भरत नाहीत. हा हिशेब अर्थातच ढोबळ आहे, कारण रझाकार सर्वत्र सारखे पसरलेले नव्हते. तरीही या भागाकारातून संघटनेचे स्वरूप स्पष्ट होते. निःशस्त्र खेड्यास दहशतीखाली ठेवावयास दहा हत्यारबंद माणसे पुरेशी असतात. पुलाचे रक्षण करावयास ती पुरत नाहीत. आणि एका खेड्यातील दहा माणसे दुसऱ्या खेड्यातील दहांशी जोडून त्यांची कंपनी होत नाही.

येथे शिक्षण या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आपल्याकडे सैनिकी शिक्षण म्हणजे धावणे, संचलन आणि नेमबाजी असा समज आहे. हिंगोली-औंढा रस्त्यावर पहाटे भरतीसाठी धावणारे आमचे विद्यार्थीही याच समजाने धावत असतात. रंगरुटाच्या शिक्षणाचा हा केवळ पहिला भाग होय. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत प्राथमिक शिक्षण सुमारे सहा महिन्यांचे ठेवले आहे आणि ते अपुरे की पुरेसे याविषयी जाणकारांत वाद आहे. दीर्घ शिक्षण लागते ते दुसऱ्याच गोष्टींसाठी : गोळीबार चालू असता जागा न सोडणे, शेजारची तुकडी दिसत नसतानाही ती आहे या भरवशावर लढणे, माघार हुकमाने आणि क्रमाने घेणे, दारूगोळा संपण्यापूर्वी तो मागविणे. या गोष्टी एकेकट्या शिपायास शिकविता येत नाहीत, त्या पलटणीस शिकवाव्या लागतात. त्यासाठी जमादार-सुभेदारापासून कर्नलपर्यंतची उतरंड असावी लागते. रझाकारांना गणवेश होता, शपथ होती, संचलन होते आणि कासीम रझवी यांच्यासारखा लातूरचा वकील नेता म्हणून लाभला होता. मधली उतरंड नव्हती.

हा अनुभव जगात इतरत्रही आलेला आहे. जर्मनीने ऑक्टोबर १९४४ मध्ये सोळा ते साठ वयाच्या पुरुषांची ‘फोल्कश्टुर्म’ उभारली. खांद्यावर पट्टी बांधून व हाती रणगाडाविरोधी नळकांडे देऊन त्यांना मोर्चावर धाडले, आणि नियमित पलटणींची जागा ती कधीच घेऊ शकली नाही. अगदी अलीकडे, सप्टेंबर २०२२ मध्ये रशियाने युक्रेनच्या आघाडीसाठी तीन लाख राखीव माणसे बोलाविल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांतील अनेकांना अत्यल्प शिक्षणावर मोर्चावर पाठविल्याच्या तक्रारी खुद्द रशियातून झाल्या. संख्येची घोषणा एका दिवसात होते, शिक्षणास महिने लागतात. दरम्यानच्या काळात घोषणेवर जो विसंबतो त्याची फसगत होते. हैदराबादेत सर्वाधिक फसगत शत्रूची झाली नाही, रझवी यांची स्वतःची झाली. लाल किल्ल्यावर असफजाही झेंडा फडकविण्याची भाषा करणाऱ्यास आपलाच आकडा खरा वाटू लागला होता.

ही संघटना निष्फळ होती असे मात्र म्हणता येणार नाही. ती ज्या कामासाठी पसरली होती ते काम तिने निर्दयपणे केले. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली, ते मुसलमान होते आणि भारतात विलीनीकरणाची बाजू निर्भयपणे मांडत होते. खेडोपाडीच्या जाळपोळीच्या व लुटीच्या आठवणी आमच्या जिल्ह्यातील वृद्धांच्या बोलण्यात आजही येतात. परंतु जनतेस भयभीत करण्याचे सामर्थ्य व सैन्यास अडविण्याचे सामर्थ्य या दोन भिन्न गोष्टी होत. पहिल्यासाठी पांगावे लागते, दुसऱ्यासाठी एकवटावे लागते. मराठी लेखनाने पहिल्या सामर्थ्याचे यथार्थ वर्णन करून त्यावरून दुसरे गृहीत धरले.

नळदुर्गचा पूल

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गजवळ बोरी नदी आहे. पावसाळ्यात किल्ल्यातील पाणीमहालावरून कोसळणारे नर-मादी धबधबे पाहण्यास पर्यटक येतात. या नदीवरील पुलापाशी मोहिमेचा निकाल बव्हंशी लागला.

आक्रमणाची मूळ योजना दक्षिण विभागाचे सेनापती ले. जन. गोडार्ड यांनी १९४८ च्या प्रारंभी तयार केली होती; प्रत्यक्ष मोहीम त्यांचे उत्तराधिकारी ले. जन. महाराज राजेंद्रसिंहजी यांच्या देखरेखीखाली झाली. योजना साधी होती. पश्चिमेकडून सोलापूर व पूर्वेकडून विजयवाडा अशा दोन मुख्य धडका हैदराबाद शहराच्या रोखाने द्यावयाच्या आणि उर्वरित सीमेवर लहान तुकड्यांनी शत्रूस गुंतवून ठेवावयाचे. सोलापूरची धडक मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्याकडे, विजयवाड्याची मेजर जनरल रुद्र यांच्याकडे आणि औरंगाबाद-जालन्याची आघाडी मेजर जनरल ब्रार यांच्याकडे होती. सोलापूरहून हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर. संस्थान चहूबाजूंनी भारतीय मुलखाने वेढलेले, बंदर नाही, वायुदल नाही. अशा स्थितीत बचाव करणाऱ्यास एकच मार्ग असतो. सीमा सोडून द्यावी, मोजक्या नद्यांवरील पूल उडवावेत, निवडक फौज राजधानीच्या वाटेवर एकत्र ठेवावी आणि दिवस काढावेत, कारण दिवस निघाले असते तर सुरक्षा परिषदेतील चर्चेस काही अर्थ आला असता.

प्रत्यक्षात झाले ते असे. १३ सप्टेंबरच्या पहाटे सातव्या ब्रिगेडने बोरीवरील पूल अखंड अवस्थेत हस्तगत केला. दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गच्या मोर्चांवर हल्ला केला. समोर होती तीच पहिली हैदराबाद इन्फन्ट्री. पूल उडविण्याची कामगिरी ले. टी. टी. मूर या भाडोत्री इंग्रज अधिकाऱ्याकडे होती; ती पार पडण्यापूर्वीच तो पकडला गेला. सकाळी नऊच्या सुमारास चिलखती तुकडी जळकोटला व दुपारी सव्वातीनला उमरग्यास पोहोचली, म्हणजे पहिल्याच दिवशी सुमारे साठ किलोमीटर आत. तुळजापुरास मात्र पहिल्या हैदराबाद इन्फन्ट्रीची एक तुकडी व सुमारे दोनशे रझाकार दोन तास लढले. पुढे लोहाऱ्याकडील वाटचाल थबकली ती नदीला आलेल्या पुरामुळे.

या तपशिलात बरेच काही आहे. जेथे नियमित सैनिक बरोबर होते तेथे रझाकारही दोन तास टिकले, तेव्हा भ्याडपणाचा सिद्धान्त येथेच कोसळतो. जालन्यासही संस्थानी फौजेने चिवट प्रतिकार केला. दुसरे असे की, साऱ्या संस्थानाच्या बचावातील अत्यंत नाजूक काम एका परकी माणसावर सोपविलेले होते. पूल उडविणे हे सुरुंग व पलिता यांपुरते काम नसते. केव्हा उडवावयाचा याचा निर्णय घेणारा अधिकारी, त्यास खबर देणारी टेहळणी आणि तोवर पलीकडचा काठ धरून ठेवणारी तुकडी, असा सारा साज लागतो. दोन लाखांच्या गर्दीत तो कोठेच नव्हता. लोहाऱ्याच्या वाटेवरील पुराने जे केले ते करावयास हैदराबादेस शिक्षित अभियंत्यांच्या मोजक्या तुकड्या पुरल्या असत्या.

पुढील घटनाक्रम सर्वपरिचित आहे. औरंगाबाद पडले, मोमिनाबादेत गोवळकोंडा लान्सर्सनी नाममात्र प्रतिकार केला, १७ तारखेस पहाटे बिदर घेतले गेले. त्याच दिवशी एका तुकडीने हिंगोली ताब्यात घेतली. मोहिमेच्या इतिहासात हिंगोलीस एक ओळ आहे.

दोन आत्मकथने

पराभूतांच्या बाजूने दोन महत्त्वाची पुस्तके उपलब्ध आहेत. पंतप्रधान मीर लायक अली यांचे ‘ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद’ १९६२ मध्ये आले व सेनापती एल. एद्रूस यांचे ‘हैदराबाद ऑफ द सेव्हन लोव्हज’ १९९४ मध्ये. लायक अलींचा रोष सेनापतीवर आहे. सेनापती आपल्या साधनांच्या तुटपुंजेपणाकडे बोट दाखवितात. पदच्युत मंत्री व पदच्युत सेनापती यांच्यातील हा वाद जगात नवा नाही आणि त्यात न्यायनिवाडा करण्याचे कारण नाही. मला महत्त्वाची वाटते ती यातून दिसणारी फट. मंत्रिमंडळ, संघटना आणि सेना या तिघांची युद्धयोजना एक नव्हती.

आपल्या बाजूच्या लेखनात व्ही. पी. मेनन (१९५६), क. मा. मुनशी (१९५७) आणि स्वामी रामानंद तीर्थ (१९६७) हे तिन्ही प्रत्यक्ष सहभागी होते; त्यांच्याकडून तटस्थ सैन्यविचाराची अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. मराठीत अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ (१९८७) हा ग्रंथ जनलढ्याचा आधारग्रंथ आहे आणि राहील. नरहर कुरुंदकर यांनी निजामाच्या राजनीतीची संगती लावण्याचा जो प्रयत्न केला तो आजही विचारास चालना देतो. कुरुंदकर आमच्या वसमत तालुक्यातील कुरुंद्याचे. त्यांच्या तर्ककठोर पद्धतीचा वारसा सांगणाऱ्यांनी तरी दोन लाखांचा आकडा न तपासता पुढे चालवू नये, अशी अपेक्षा अवाजवी नाही.

सीमेवरील कॅम्प

या चित्राची दुसरी बाजू म्हणजे स्टेट काँग्रेसच्या कृतिसमितीचे सीमेवरील कॅम्प. आमच्या जिल्ह्यास लागून असलेला उमरखेडचा कॅम्प त्यांपैकी एक. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरी येथील बँकेवर जो छापा पडला व ज्यात सुमारे एकवीस लाख रुपये हाती आले, तो छापा संख्येच्या दृष्टीने किरकोळच म्हणावा लागेल. परंतु टेहळणी, वेळ, वाहतूक आणि परतीची वाट यांचा त्यात जो विचार दिसतो तो रझाकारांच्या कोणत्याही मोठ्या संचलनात दिसत नाही. करोडगिरीची नाकी, पाटील-पटवाऱ्यांची दप्तरे, पोलीस ठाणी ही या कॅम्पांची लक्ष्ये होती. परिणामी रझाकारांना व पोलिसांना खेड्याखेड्यांतून अडकून राहावे लागले आणि सप्टेंबरमध्ये सीमेवर एकवटण्याइतकी मोकळीक त्यांना उरली नव्हती. वसमतचे महाविद्यालय ज्यांच्या स्मृतीस वाहिलेले आहे त्या हुतात्मा बहिर्जींसारख्यांचे बलिदान आपण शौर्यकथा म्हणून सांगतो. ते सांगावेच. पण शत्रूस पांगविणे हे त्यांचे युद्धातील प्रत्यक्ष कार्य होते, आणि शौर्यकथेच्या चौकटीत तेच नेमके निसटते. दोन लाखांचा आकडा फुगवून त्यांचा गौरव वाढत नाही, उलट त्यांच्या कामाचे मोल झाकले जाते.

आकड्याचे उत्तरायुष्य

मोहिमेतील मृतांची संख्या आठशेंहून थोडी अधिक असल्याचे मेनन नमूद करतात. १९४८ च्या अखेरीस पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांनी संस्थानाच्या सोळांपैकी नऊ जिल्ह्यांचा दौरा केला. त्यांच्या अहवालात पोलीस कारवाईच्या दरम्यान व नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे त्यात म्हटले आहे. हे मृत प्रामुख्याने मुसलमान होते. रझाकारांचे अत्याचार हे या सूडाचे कारण असल्याचेही अहवाल सांगतो. सरदार पटेलांनी या समितीचा दर्जा व तिचे निष्कर्ष मान्य केले नाहीत आणि अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. आकड्याविषयी मतभेद होऊ शकतो. परंतु रणांगणावर आठशे व रणांगणाबाहेर त्याच्या कितीतरी पट, हे प्रमाण आपल्या विषयाशी थेट निगडित आहे.

नियमित सैनिकाचे नाव पलटणीच्या हजेरीपटावर असते. तो शरण आला की युद्धकैदी होतो, त्याची नोंद होते व पुढे त्यास घरी सोडतात. १८ सप्टेंबरला एद्रूस यांनी चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली तेव्हा संस्थानी फौजेचा प्रश्न संपला. रझाकारांच्या दोन लाखांना असा विश्वासार्ह हजेरीपट नव्हता. त्यात कोण होते व कोण नव्हते हे गावोगाव तोंडी ठरणार होते, आणि शेजारच्या मुसलमान विणकरास, शेतमजुरास वा शिक्षकास त्या आकड्यात बसविण्यास पुराव्याची गरज उरली नव्हती. रझवी यांच्यावर न्यायालयात खटला चालला, शिक्षा झाली, १९५७ मध्ये सुटका झाल्यावर ते पाकिस्तानात गेले आणि १९७० मध्ये तेथे वारले. खेड्यांतील आरोपितांपैकी पुष्कळांच्या वाट्याला खटला आला नाही.